अर्ध्या कोयत्याला पाच पानं

आमच्या गावात पत्त्यांचा एक डाव आहे, त्यात पाच पानं दोघांनी मिळून धरायची असतात. नवरा आणि बायको. पानं एकाच्या हातात, दुसरा खांद्यावरून डोकावणार. कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं यावर आधी कुजबुज, मग चिमटे, मग उघड भांडण. त्या भांडणातून समोरच्यांना जे कळायचं ते सगळं कळून जातं. बाकी जगात हा डाव एकेकटा माणूस खेळतो आणि त्याला पोकर म्हणतात. त्यातलाही जुना, पानं टाकून नवी घ्यायचा प्रकार. आमच्याकडं नुसतं 'बदली' म्हणतात. बसणाऱ्यांची मोजणीही माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. "आज किती कोयते?" "तीन." म्हणजे सहा माणसं आणि पंधरा पानं.

ज्यांच्या घरातून कुणी ऊसतोडीला गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो; ती तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पहाटे उठून भाकरी थापते, लेकरू पाजते, आणि मोजताना दोघं मिळून एक. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हा शब्द ऐकतच मी मोठी झाले. चळवळीत आल्यावर माझं पहिलं पत्रक याच शब्दाविरुद्ध होतं. 'बाई अर्धी नाही!' असा मथळा, पुढं उद्गारचिन्ह. वडवणीच्या आठवडी बाजारात मी ते स्वतः वाटलं. तासाभरानं बघते तर त्यावर भजी खाणं चाललेलं. हरकत नाही, खाता खाता दोन ओळी वाचल्या असतील.

तर असं पत्रक लिहिणाऱ्या बाईच्या सख्ख्या मायला, तिच्याच गावात, दोन उन्हाळे पत्त्यांत पानं मिळाली नव्हती. आणि ते तिच्या लेकीला दिसलं नव्हतं. लेक म्हणजे मी. हे मान्य करायला मला वर्ष लागलं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

हा डाव गावात आणला माझ्या काकांनी. तरुणपणी ते पुण्याकडं कुठल्याशा क्लबात ग्लास धुवायला होते. साहेब लोक आत खेळत आणि काका ट्रे घेऊन आत-बाहेर करता करता बघत. सहा महिन्यांत सगळा डाव डोक्यात बसला. मग नोकरी सुटली, लग्न झालं, आणि बाकीच्यांसारखेच तेही कोयता घेऊन कारखान्यावर गेले. तिथं कोप्यांवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांवर, पुरुष तीन पत्ती खेळायचे आणि बायका भांडी घासायच्या. काकांनी जाहीर केलं, नवा डाव शिकवतो, पण एक कोयता एकच डाव धरणार, आणि बायको संगं नसेल त्यानं बसायचं नाही. पुरुष हसले. मग बसले. अशा रीतीनं आमच्या टोळीतल्या बायका पत्त्यांच्या रिंगणात आल्या. म्हणजे ज्या नियमावर मी पुढं आगपाखड केली, तोच नियम बायकांना आत घेऊन आला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पाडव्याच्या आगेमागे टोळ्या गावी परततात. मग पेरणीपर्यंत दुपारी करायला काम नसतं आणि बसायला सावली कमी असते. काकांच्या गोठ्यामागं मोठं लिंबाचं झाड आहे, त्याखाली पोतं अंथरून डाव पडतो. पैसा नाही. पैशाच्या जागी सीताफळाच्या बिया. आमच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. दिवाळीच्या सुमारास खाल्लेल्या फळांच्या काळ्याभोर बिया माय धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवते. बसताना प्रत्येक कोयत्याला चाळीस बिया, उठताना सगळ्या परत डब्यात. जिंकलेल्याला मिळतो तो दुसऱ्या दिवसापर्यंत टोमणे मारायचा हक्क.

माय आणि माझा बाप मिळून बरीच वर्षं खेळले. बाप उतावळा, माय सबुरीची. तो म्हणायचा टाक, ती म्हणायची थांब. मग बाप गेला. पुढच्या हंगामाला मुकादमानं मायला नेलं नाही, अर्धा कोयता घेऊन तो काय करणार? माय गावातच राहिली. शेळ्या, खुरपणं, मिळेल ते काम. उन्हाळ्यात टोळी परत आली, लिंबाखाली पोतं पडलं, तेव्हा काका म्हणाले, "वैनी, तुमी पानं वाटा. तुमचा हात सच्चा हाय." केवढा मान! बियांचा डबाही तिच्याच मांडीजवळ. ती रिंगणात बसलेली असायची, अगदी मधोमध, पत्ते पिसत. मी बीडहून अधूनमधून यायची, लांबून बघायची आणि मनाशी म्हणायची, बरं झालं, मायचा जीव रमतोय.

गेल्या वैशाखात मी आठ दिवस घरी आले. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, मोबाईलवरच्या पत्त्यांच्या ॲपविरुद्धचा. ती ॲपं माणसाला पोखरतात असं माझं मत होतं आणि आजही आहे, त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. पण त्या दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून मी लिंबाखाली जाऊन टेकले. समोर तीन कोयते होते. काका-काकी, शेजारचं एक जोडपं, आणि मेंढरं दुपारची बसवून आलेले एक धनगर मामा आणि त्यांची मंडळी. मायनं पानं पिसली, वाटली. पाच, पाच आणि पाच. उरलेली गड्डी पुढ्यात ठेवून ती हात बांधून बसली.

"माय, तुझी पानं?"

"मी वाटते."

"आणि खेळत कावून न्हाईस?"

तिच्याऐवजी काकी म्हणाली, "अगं, कोयत्याचा डाव हाय बाई. एकट्याला कसा द्यावा?"

आता मी काय केलं ते लपवून उपयोग नाही. मी उठून उभी राहिले आणि भाषण केलं. लिंबाखाली, सहा माणसं आणि चाळीसेक मेंढरांसमोर. म्हटलं, मुकादम म्हणतो अर्धा कोयता, कारखाना म्हणतो अर्धा कोयता, आणि आता घरची माणसंही तेच म्हणणार असतील तर आम्ही लढायचं कुणाशी? म्हटलं, वीस वर्षं जिनं ऊस तोडला तिला पाच पानं मिळत नाहीत, याची लाज वाटत नाही का? आवाज चढला होता. एक मेंढरू उठून लांब जाऊन बसलं.

धनगर मामांनी पानं मिटली. "बाई, मीटिंग हाय का डाव हाय? मीटिंग असंल तर मी चहा पिऊन येतो."

काका मान खाली घालून बी खेळवत होते. शेवटी म्हणाले, "बरं. मायलेकी मिळून एक कोयता. झालं?"

झालं! जिंकले मी. मायकडं न बघताच मी तिच्या शेजारी मांडी घातली.

काकीनं वाटली. आमची पाच पानं मायनं उचलली, मी खांद्यावरून डोकावले. इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, अठ्ठी, सत्ती, आणि एक बदामाची दश्शी. मला पत्ते अगदीच येत नव्हते असं नाही. दिवाळीत भावंडांत बसून तीन पत्ती मीही खेळलेली. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी ओळीनं बघून माझे डोळे चमकले. गुलाम आला किंवा छक्की आली की पाच पानांचा रन!

माय दश्शी टाकायला लागली. मी तिचा हात धरला. "राजा टाक, राजा. रन होतोय!"

"इस्पिक चार हायत, पाचवं आलं की कलर," ती हळू आवाजात म्हणाली.

"कलरपेक्षा रन मोठा असतो, माय!"

"आगं, हितं…"

मी थांबलेच नाही. तिच्या हातातून राजा काढला, पोत्यावर टाकला आणि म्हटलं, "एक पान द्या." आलं ते पान मी आधी बघितलं. किलवरचा गुलाम. खरंच आला! सत्ती ते गुलाम, सलग. माझ्या अंगात वारं भरलं. पुढं चाल आली तशी मी वाढवत गेले. शेजारचं जोडपं बसलं, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर पडलं. धनगर मामीनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढून पानं मिटायला लावली. काका राहिले. काका वाढवतात, मी वाढवते, मायच्या बिया मी मुठीनं मध्ये लोटते. शेवटी काका म्हणाले, "दाखव."

मी पानं आपटली. काकांनी त्यांची पाच चौकट शांतपणे मांडली. सगळी चौकट, ओळीचा पत्ता नाही. आणि बिया ओढायला हात घातला.

"ओ काका! रन आहे माझा!"

"आन माझा कलर."

"रन मोठा असतो!"

"तीन पत्तीत, पोरी. हितं कलर मोठा." काका आता हसू दाबत होते. "बे, हिनं मोबाईलच्या पत्त्यावर पत्रक काढलंय म्हनं!" धनगर मामा पोट धरून हसले.

माय उठली. पदर झटकला आणि घराकडं चालू लागली. मी मागं गेले. दारात ती वळली.

"मुकादमानं मला अर्धं म्हणलं. भावजींनी पानं दिली न्हाईत. पर माझ्या हातातलं पान आजवर कुनी काढून घेतलं नव्हतं. तू घेतलंस."

पत्रकांत उत्तरं असतात, कारण तिथं प्रश्नही मीच लिहिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं तापायच्या आधी, मी मायला म्हटलं, मला शिकव. ती शेळीची धार काढत होती. म्हणाली, "कशापाई? तुला खेळायचं हाय का भांडायचं हाय?" मी म्हटलं, तुझं मी काय बिघडवलं ते तरी मला कळू दे. तिनं धार पुरी केली, हात धुतले आणि बाजेवर बसली.

ती शिकवत होती ते जसं आठवतं तसं लिहिते.

आधी प्रत्येकानं मध्ये एकेक बी टाकायची. ती टाकल्याशिवाय पान मिळत नाही. फुकट बघायला बसायचं नाही. मग प्रत्येकाला पाच पानं, पालथी. आपली आपण बघायची. मग पहिली चाल. वाटणाऱ्याच्या शेजारच्यापासून एकेकानं बोलायचं. पानं बरी असतील तर बिया टाका. दुसऱ्यानं टाकल्या असतील तर तेवढ्याच टाकून राहा, नाहीतर वाढवा, नाहीतर पानं पालथी ठेवून बसा. बसला तो त्या डावापुरता गेला, टाकलेली बी त्याची नाही.

मग बदली. नको असतील ती पानं टाकायची, एक, दोन, फार तर तीन, आणि तेवढीच गड्डीतून घ्यायची. एकदाच. मनासारखं आलं नाही तरी परत नाही. एकही बदलायचं नसेल तर तसं सांगायचं. मग दुसरी चाल, आणि त्यातून जे टिकतील त्यांनी पानं उघडी करायची. सगळे बसले आणि एकच राहिला तर त्यानं पानं दाखवायचीही गरज नाही, बिया त्याच्या.

"मोठं काय, लहान काय?" मी विचारलं.

तिनं बाजेवर पानं मांडली. काहीच जुळलं नाही तर सगळ्यात मोठं पान बघतात. त्यावर जोडी. त्यावर दोन जोड्या. त्यावर एकसारखी तीन. त्यावर रन. त्यावर कलर. इथं ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मग तीन आणि दोन, त्याला काका फुल म्हणतात. मग एकसारखी चार. आणि सगळ्यांवर एकाच रंगाचा रन, तो तिनं इतक्या वर्षांत एकदाच बघितला, बापाच्या हातात, आणि बाप इतका ओरडला की बाकी सगळे लगेच बसले.

"पण तीन पत्तीत उलटं कावून असतंय?"

"तीन पानं एका रंगाची जुळायला येळ लागत न्हाई, ओळीनं जुळायला लागतो. पाच पानांत फिरतं ते. जे अवघड ते मोठं." मग तिनं कालची पानं काढून मांडली. तिला सगळी आठवत होती. "ह्यो राजा ठिवून दश्शी टाकली असती, तर इस्पिकची नऊ पानं माझ्या कामाची व्हती. तू राजा टाकलास. गुलाम चार, छक्क्या चार. आठ. मार्ग दोन्ही सारखेच कठीण. पर एकाच्या टोकाला मोठं घर व्हतं आन एकाच्या बारकं. तू बारक्याकडं धावलीस."

माय चौथी शिकलेली. मी बी.ए. झालेली. आठ आणि नऊ मलाही मोजता येतात. मी मोजलेच नव्हते.

पण तिचं खरं शिकवणं पुढंच होतं. म्हणाली, आपल्या पानांकडं बघायला एक डोळा पुरतो, दुसरा बदलीकडं ठेवायचा. ज्यानं तीन टाकली त्याच्याकडं नुसती जोडी असणार. दोन टाकली तर बहुतेक तीन जुळलेली. एक टाकलं तर दोन जोड्या, नाहीतर रनच्या नाहीतर कलरच्या मागं लागलेला. एकही टाकलं नाही तर आलेलीच पानं भारी आहेत, नाहीतर तो माणूस भारी आहे. "आन कोयत्यांचं तर सोपंच. नवरा म्हनला ठिव आन बायको म्हनली टाक, की समजावं, बारकी जोडी हाय." दोन उन्हाळे पत्ते वाटता वाटता तिनं हे सगळं टिपलं होतं. प्रत्येक डाव ती मनात खेळत होती. मला ते रिंगणात बसून जीव रमवणं वाटलं होतं.

"मग मी काकांशी बोलते," मी म्हटलं.

"तू बोलू नको. मी बोलते. तुला यायचं तर ये, पर तोंड मिटून."

काकीनं अंगणात बाजेवर कुरडया घातल्या होत्या. काका दोरी वळत बसले होते. मायनं बसायच्या आधीच सांगितलं, "भावजी, आज मी पानं वाटनार न्हाई."

"कावून? बरं न्हाई का?"

"बरं हाय. मला खेळायचं हाय. एकटीला."

"पोरगी हाय की संगं."

"पोरगी नको. तिला येत न्हाई."

काकी तोंडाला पदर लावून हसली. मी तोंड मिटून होते. अवघड काम आहे, करून बघा.

काकांनी दोरीला दोन-तीन पीळ दिले. मग खाली बघूनच म्हणाले, "वैनी, नियमाचं सोडा. तुमी एकट्या बसलात की दादाची जागा मोकळी दिसंल. सगळ्यांना दिसंल. मला बगवनार न्हाई. म्हून तर तुमाला वाटायला बसवलं."

मला वाटलं आता माय रडेल. ती रडली नाही.

"मला ती दोन वर्सं दिसायली, भावजी. वाटताना बी दिसायची. तीन कोयत्याला पंधरा पानं वाटली की हात आपोआप चौथ्याकडं जायचा, मागं घ्यायची मी. तुमाला दिसली न्हाई, कारन मी मधी बसले व्हते."

माझ्या पत्रकांत एक शत्रू असतो. तो नसला तर पत्रक उभं राहत नाही, हे मला चळवळीत पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. इथं समोर माझे काका होते, दोन वर्षं भावाची मोकळी जागा झाकायला धडपडणारे, आणि तरीही चूक त्यांचीच होती. दोन्ही एकाच माणसात. हे एका कागदाच्या दोन बाजूंत कसं बसवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

"या मग," काका म्हणाले. "पर रडारड चालनार न्हाई. हरलात तर हरलात."

दुपारी लिंबाखाली काकी वाटायला बसली. मायपुढं चाळीस बिया, शेजारी कुणी नाही. तिच्या उजव्या अंगाला एक हातभर पोतं रिकामं राहिलं. ते सगळ्यांना दिसलं. धनगर मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि परत डोक्यावर घातलं. मी मागं झाडाला टेकून बसले, पानं दिसणार नाहीत इतक्या लांब. मायनंच तिथं बसवलं होतं.

पहिली पाच पानं तिनं उचलली, बघितली, आणि खाली ठेवली. "बसले."

मला उठून ओरडावंसं वाटलं. एवढं सगळं करून बसलीस? दुसरा डाव. परत बघितलं, परत खाली. "बसले." धनगर मामी म्हणाली, "आवो ताई, खेळायला आलात का पानं बगायला?" माय म्हणाली, "पानंच बिकार आली तर काय करू? ज्याला पानं मिळत न्हाईत त्याला बसता बी येत न्हाई." नुसतं सांगितलं तिनं, टोमणा नव्हता. पण काकांची मान खाली गेली. आणि मला कळलं, की मी तिला जिंकवायला निघाले होते, तिला मात्र वाईट पानं स्वतःच्या हातानं खाली ठेवायची होती.

तिसऱ्या डावाला ती राहिली. बदलीची वेळ आली. धनगर जोडप्यानं तीन टाकली, त्यावरून दोघांचं वाजलं. शेजारचे आधीच बसलेले. काकांनी, काकी वाटत असल्यामुळं एकट्यानंच ठरवून, दोन टाकली.

"वैनी?"

"मला नको."

एकही पान नको! माय सरळ बसली होती, पानं मिटून पोत्यावर पालथी, वर हात. दुसरी चाल. तिनं पाच बिया टाकल्या. धनगर मामीनं नवऱ्याच्या हातातून पानं घेऊन आपटली, "बसलो आमी." काका घुटमळले. काकीकडं बघितलं. वाटणारीनं बोलायचं नसतं, पण काकी डोळ्यांनी म्हणाली, टाका. काकांनी पाच टाकल्या. मायनं आणखी दहा लोटल्या. काकांच्या कपाळावर घाम आला.

त्या सकाळपर्यंतचे काका असते तर वहिनीला जिंकू दिलं असतं. पानं मिटून म्हणाले असते, घ्या वैनी, तुमचंच. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते तसं करणार असं मला दोनदा वाटलं. मायलाही वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "भावजी, पानं बगून खेळा. माझ्याकडं बगून नका."

काकांनी दहा बिया मोजून मध्ये टाकल्या. "दाखवा."

मायनं पानं उलटी केली. दुर्रीची जोडी. बाकी तीन कशाला काही लागत नव्हतं. डावातली सगळ्यात बारकी जोडी, आणि एवढ्या बिया! काकांच्या तीन नव्व्या होत्या. धनगर मामा असे हसले की मेंढरं उठली.

"आरं माझ्या द्येवा, दुर्रीवर? वैनी, दुर्रीवर येवढी हिम्मत?"

"भावजींनी बगितलं नसतं तर चार राण्या व्हत्या त्या," माय म्हणाली. तीही हसत होती. दोन वर्षांत तिला तोंड उघडून हसताना मी बघितलं नव्हतं.

काकांनी बिया ओढल्या, सगळ्या. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत, एकही मागं ठेवली नाही. वर म्हणाले, "आता रात्रभर दुर्री म्हनून हाक मारतो का न्हाई बगा." वहिनीला असं बोलणं आमच्यात बसत नाही. पत्त्यात बसतं.

पुढचा डाव वाटायला काकीनं गड्डी उचलली, पिसली, आणि तशीच हातात धरून बसली.

"वाट की," काका म्हणाले.

"मलाबी येगळी पाच द्या."

"आँ?"

"तीन नव्व्या व्हत्या तुमच्याकडं. मी दहाच्या जागी वीस टाकल्या असत्या. तुमाला घाम कशाचा फुटला?" काकी आता काकांकडं बघत नव्हती, मायकडं बघत होती. "मला माझी पानं पायजेत."

"अगं, मग मी कुजबुजू कुनासंगं?"

"मेंढरासंगं," धनगर मामी म्हणाली. "मलाबी द्या. ह्यांच्या नादानं रोज हरते मी."

शेजारची बाई नवऱ्यापासून वीतभर सरकून बसली. काका घाबरून म्हणाले, पानं पुरायची नाहीत, बावन्न तर आहेत सगळी मिळून, नियमाला काही कारण असतं. माझ्या तोंडात बारूद भरली होती. समता, हक्क, सगळं. मी ओठ दाबून धरले आणि मायकडं बघितलं. तिनं काकीच्या हातातून गड्डी घेतली.

"सात मानसं. पाचापाचानं पस्तीस. उरली सतरा," ती म्हणाली. "तीन न्हाई, आता दोनच बदलायची. पुरत्यात."

आणि ती वाटायला लागली.